दोन कानांचा हिशेब मांडणारा अभियंता

चांगल्या स्पीकरची जोडी नीट मांडलेली असेल आणि ऐकणारा योग्य जागी बसलेला असेल, तर गायिका दोन स्पीकरच्या बरोबर मधोमध उभी आहे असे वाटते. तबला थोडा एका अंगाला, पेटी दुसऱ्या अंगाला, तानपुरा मागे पसरलेला. प्रत्यक्षात त्या मधल्या जागेत काहीच नसते. हा आभास स्पीकरच्या पेटीत तयार होत नाही, तो आपल्या मेंदूत तयार होतो. स्पीकर फक्त दोन्ही कानांना योग्य ती माहिती पुरवतात. ही माहिती नेमकी कोणती असावी आणि ती कशी ध्वनिमुद्रित करावी, याचे गणित १९३१ मध्ये एका २८ वर्षांच्या ब्रिटिश अभियंत्याने मांडले. त्याचे नाव अ‍ॅलन डॉवर ब्लुमलाइन. लाखो रुपये मोजून स्टिरिओ घेणाऱ्या अनेकांनी हे नाव ऐकलेले नसते. त्याला युद्ध, गुप्तता आणि अकाली मृत्यू अशी तिन्ही कारणे आहेत.

ब्लुमलाइन यांचा जन्म २९ जून १९०३ रोजी लंडनच्या हॅम्पस्टेड भागात झाला. वडील मूळचे जर्मन, नंतर ब्रिटिश नागरिक झालेले. आई दक्षिण आफ्रिकेत काम करणाऱ्या एका स्कॉटिश मिशनऱ्याची मुलगी. सात वर्षांच्या अ‍ॅलनने घरातली बिघडलेली दारावरची घंटा दुरुस्त केली आणि कामाचे रीतसर बिल वडिलांच्या हाती दिले. त्यावर स्वतःच्या नावापुढे विद्युत अभियंता अशी पदवीही लावली होती! पण हाच मुलगा वाचनात मात्र फार मागे होता. बारा वर्षांचा होईपर्यंत त्याला धड वाचता येत नसे, अशी आठवण त्याच्या बहिणीने सांगितली आहे. त्या वयात वर्गसमीकरणे मात्र तो सहज सोडवत असे. एखाद्या मुलाला अक्षरे उशिरा लागतात म्हणून त्याची बुद्धी कमी ठरवण्याची घाई करू नये, हे सांगायला हे उदाहरण पुरेसे आहे.

हायगेट शाळेतून बाहेर पडल्यावर ब्लुमलाइन यांना लंडनच्या सिटी अँड गिल्ड्स महाविद्यालयात शिष्यवृत्ती मिळाली. तेथे त्यांनी थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतला आणि दोन वर्षांत प्रथम श्रेणीत पदवी मिळवली. १९२४ मध्ये ते टेलिफोन यंत्रणा बनवणाऱ्या इंटरनॅशनल वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत रुजू झाले.

कानापासून सुरुवात

या पहिल्या नोकरीतले एक काम आरोग्याच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. माणसाचा कान सगळे स्वर सारख्याच तीव्रतेने ऐकत नाही. फार खालच्या आणि फार वरच्या कंपनसंख्यांना तो मंद असतो, मधल्या पट्ट्यात, म्हणजे बोलण्याच्या आवाजांना, सर्वांत जागा असतो. ब्लुमलाइन यांनी माणसांच्या कानांची ही संवेदनशीलता मोजली आणि तिच्याशी जुळणारी विद्युत मंडले बनवली. टेलिफोनच्या तारेतला गोंगाट मोजताना तो यंत्राला किती जाणवतो यापेक्षा माणसाच्या कानाला किती त्रास देतो हे कळावे, हा हेतू. आज ध्वनिप्रदूषण मोजणाऱ्या उपकरणात जे डेसिबलचे आकडे दिसतात, त्यांच्यामागेही कानाला अनुसरून मोजण्याचे हेच तत्त्व असते.

लांब पल्ल्याच्या टेलिफोन केबलमध्ये एका जोडीवरचे बोलणे शेजारच्या जोडीवर ऐकू येण्याचा दोष असे. तो कमी करण्याच्या कामासाठी ते स्वित्झर्लंडमध्येही राहिले. दोन तारांमधला सूक्ष्म फरक मोजणे आणि नको तो समान भाग वजा करणे, ही त्यांची हातोटी तेव्हाच तयार झाली. पुढच्या जवळपास प्रत्येक शोधात ती दिसते.

१९२९ मध्ये ते कोलंबिया ग्राफोफोन कंपनीत आले. तेथे आयझॅक शोएनबर्ग हे त्यांचे वरिष्ठ होते. कंपनीची अडचण सरळ होती. तबकडीवर आवाज कोरण्यासाठी लागणारे यंत्र अमेरिकन पेटंटखाली होते आणि प्रत्येक तबकडीमागे स्वामित्वशुल्क द्यावे लागे. ब्लुमलाइन यांनी थोड्या सहकाऱ्यांना घेऊन पूर्ण वेगळ्या तत्त्वावरचे, फिरत्या वेटोळ्याचे कोरणयंत्र तयार केले. शुल्क वाचलेच, शिवाय आवाजही अधिक स्वच्छ झाला. १९३१ मध्ये कोलंबिया आणि ग्रामोफोन कंपनी एकत्र येऊन ईएमआय स्थापन झाली. कर्ण्यासमोर बसलेल्या कुत्र्याचे चित्र असलेल्या ज्या तबकड्या मराठी घरांत पिढ्यानपिढ्या वाजल्या, त्या काढणारी ती ग्रामोफोन कंपनी. लंडनजवळ हेज येथे नव्या कंपनीची प्रयोगशाळा उभी राहिली आणि ब्लुमलाइन तेथे काम करू लागले.

चित्रपटगृहात पडलेला प्रश्न

बोलपट तेव्हा नवे होते. १९३१ च्या सुरुवातीला ब्लुमलाइन आपल्या होणाऱ्या पत्नीसह, डोरीन लेन यांच्यासह, चित्रपट पाहायला गेले होते. पडद्यावर नट एका टोकाला आणि त्याचा आवाज दुसरीकडून, ही विसंगती त्यांना खटकली. सगळा आवाज एकाच ठिकाणाहून येत असल्याने असे होणारच होते. नट जिकडे जाईल तिकडे त्याचा आवाज नेण्याचा उपाय आपल्याला सापडला आहे, असे त्यांनी डोरीन यांना सांगितले. वर्ष संपायच्या आत, १४ डिसेंबर १९३१ रोजी, त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. ३९४३२५ क्रमांकाच्या या ब्रिटिश पेटंटमध्ये तब्बल ७० दावे होते. स्टिरिओ हा शब्द त्यांनी वापरला नव्हता. ते आपल्या पद्धतीला द्विकर्णी म्हणत.

या पेटंटचे मर्म समजायचे तर आधी कानाचे काम पाहायला हवे. आपले दोन कान साधारण वीतभर अंतरावर आहेत. डावीकडून आलेला आवाज डाव्या कानात आधी पोहोचतो आणि उजव्या कानात फार तर सेकंदाच्या सुमारे दीडहजाराव्या भागाइतक्या उशिराने. शिवाय मधे डोके येत असल्याने उंच स्वर पलीकडच्या कानाला थोडे कमी ऐकू येतात. खालच्या स्वरांच्या लाटा लांब असतात, त्या डोक्याला वळसा घालून जातात. त्यामुळे खालच्या स्वरांची दिशा मेंदू मुख्यतः वेळेच्या फरकावरून ओळखतो आणि वरच्या स्वरांची तीव्रतेच्या फरकावरून. साधारण दीड हजार हर्ट्झच्या आसपास ही कामाची वाटणी बदलते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लॉर्ड रॅले यांनी हे दाखवून दिले होते.

मग दोन कानांसाठी दोन मायक्रोफोन ठेवून त्यांचा आवाज दोन स्पीकरला दिला की झाले, असे कोणालाही वाटेल. पण येथे एक अडचण आहे. हेडफोनमध्ये डावा आवाज फक्त डाव्या कानाला मिळतो. खोलीतल्या स्पीकरचे तसे नाही. डाव्या स्पीकरचा आवाज दोन्ही कानांना मिळतो आणि उजव्याचाही दोन्ही कानांना. मायक्रोफोनने टिपलेला वेळेचा सूक्ष्म फरक या सरमिसळीत हरवतो.

ब्लुमलाइन यांनी या सरमिसळीचाच उपयोग करून घेतला. दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज एकाच क्षणी, पण डावीकडून थोडा मोठा सोडला, तर प्रत्येक कानापाशी दोन लाटांची बेरीज होते. डाव्या कानात डाव्या स्पीकरची मोठी लाट आधी आणि उजव्याची लहान लाट नंतर येते; उजव्या कानात लहान लाट आधी, मोठी नंतर. बेरीज केली तर खालच्या स्वरांत डाव्या कानातली एकत्रित लाट उजव्या कानातल्या लाटेच्या थोडी पुढे निघते. म्हणजे स्पीकरच्या आवाजात फक्त लहानमोठेपणाचा फरक ठेवला, तरी कानापाशी त्याचे रूपांतर वेळेच्या फरकात होते आणि मेंदू त्यावरून आवाजाची जागा ठरवतो. हे समीकरण सापडल्यावर बाकीचे दरवाजे उघडले. वेळेतला फरक तीव्रतेच्या फरकात बदलणारे मंडल त्यांनी सुचवले. एकाच जागी, पण एकमेकांशी काटकोनात ठेवलेल्या दोन मायक्रोफोनची जोडीही सुचवली. ती आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते आणि चांगल्या ध्वनिमुद्रणात वापरली जाते.

याच पेटंटमध्ये तबकडीचाही विचार होता. दोन आवाज कोरायला दोन खाचा घेतल्या तर तबकडीची जागा निम्मी होणार. ब्लुमलाइन यांनी इंग्रजी व्ही अक्षरासारख्या एकाच खाचेच्या दोन भिंती वापरल्या. प्रत्येक भिंत ४५ अंशांत कललेली, दोघी एकमेकींशी काटकोनात. एका भिंतीवर डावा आवाज, दुसरीवर उजवा. सुई एकच, पण ती आडवी आणि उभी अशी दोन्ही दिशांनी हलते आणि त्या हालचालीतून दोन्ही आवाज वेगळे काढता येतात. दोन्हींत समान असलेला आवाज सुईला फक्त आडवे हलवतो, त्यामुळे दोन्ही आवाजांची बेरीज साध्या, एकाच आवाजाच्या तबकडीसारखीच नोंदली जाते.

विकायला न आलेला शोध

जानेवारी १९३४ मध्ये लंडनच्या अ‍ॅबे रोड स्टुडिओत सर थॉमस बीचम हे लंडन फिलहार्मोनिक वाद्यवृंदाकडून मोझार्टच्या ज्युपिटर सिंफनीची तालीम करून घेत होते. ब्लुमलाइन यांच्या गटाने ती स्टिरिओ पद्धतीने तबकडीवर कोरली. १९३५ मध्ये त्यांनी काही छोटे प्रायोगिक चित्रपटही काढले. एकात माणसे बोलत बोलत रंगमंचावर इकडून तिकडे जातात आणि आवाज त्यांच्याबरोबर सरकतो. दुसऱ्यात हेज स्थानकातून जाणाऱ्या आगगाड्या आहेत. गाडी पडद्याच्या या टोकाकडून त्या टोकाकडे धडधडत जाते आणि तिचा आवाजही तसाच जातो. चित्रपटगृहात पडलेल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले होते.

पण कंपनीने ते बाजारात आणले नाही. जागतिक मंदी होती आणि लोकांकडे साधा ग्रामोफोन घ्यायला पैसे नव्हते. दूरचित्रवाणीची स्पर्धा मात्र तोंडावर आली होती. ईएमआयने आपली उत्तमोत्तम माणसे त्या कामाला लावली आणि ब्लुमलाइन त्यात अग्रभागी होते. २ नोव्हेंबर १९३६ रोजी बीबीसीने अलेक्झांड्रा पॅलेसमधून नियमित प्रक्षेपण सुरू केले. त्यासाठीच्या ४०५ रेषांच्या यंत्रणेतील संदेशलहरीची रचना ठरवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. ही यंत्रणा ब्रिटनमध्ये पुढे जवळपास अर्धशतक चालली.

या काळात त्यांच्या शोधांचा वेग थक्क करणारा होता. अठरा वर्षांच्या कारकिर्दीत १२८ पेटंटे, म्हणजे सरासरी दर दीड-दोन महिन्यांना एक. स्टिरिओपुरते बोलायचे तर यातली दोन आपल्या घरापर्यंत येऊन पोहोचली आहेत. पहिले म्हणजे दोन समान घटकांची अशी जोडी, जी दोन संदेशांमधला फरक तेवढा वाढवते आणि दोघांत शिरलेला समान गोंगाट गाळून टाकते. आजच्या असंख्य अ‍ॅम्प्लिफायरमध्ये आणि चिपमध्ये पहिलाच टप्पा या धर्तीचा असतो. दुसरे म्हणजे व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरमधली विकृती कमी करणारी अल्ट्रालिनिअर नावाची जोडणी. १९५० च्या दशकात ती लोकप्रिय झाली. दर्दी मंडळी आजही महागडे व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर घेताना तिची चौकशी करतात.

एक सैल नट

१९३३ मध्ये ब्लुमलाइन यांनी डोरीन यांच्याशी विवाह केला होता. त्यांना दोन मुलगे झाले. हौशी वैमानिक म्हणून विमान चालवण्याचा परवाना ब्लुमलाइन यांच्याकडे होता. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर त्यांचे काम पूर्णपणे रडारकडे वळले. रात्रीच्या अंधारात किंवा ढगांवरून उडणाऱ्या विमानाला खालच्या जमिनीचा नकाशा पडद्यावर दाखवणारे एचटूएस नावाचे रडार ब्रिटनला तातडीने हवे होते. त्याच्या मुळाशी मॅग्नेट्रॉन हे अत्यंत गुप्त उपकरण होते. तोच मॅग्नेट्रॉन आज मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये अन्न गरम करतो.

७ जून १९४२ रोजी, रविवारी, या रडारची चाचणी घेण्यासाठी एक हॅलिफॅक्स बाँबर विमान डेफर्डच्या तळावरून उडाले. ब्लुमलाइन आणि त्यांचे ईएमआयमधले दोन सहकारी, सेसिल ब्राउन आणि फ्रँक ब्लायथेन, त्यात होते. परतीच्या वाटेवर उजव्या बाजूच्या एका इंजिनाला आग लागली. पंख जळून तुटला आणि वेल्श बिकनर गावाजवळ विमान कोसळले. आतील ११ जणांपैकी कोणीही वाचले नाही. देखभालीच्या वेळी इंजिनातला एक छोटा नट पुरेसा आवळला गेला नव्हता. तो सैल होत गेला, झडप निकामी झाली आणि इंधन पेटले, असे चौकशीत आढळले. ब्लुमलाइन यांचा ३९ वा वाढदिवस तीन आठवड्यांवर आला होता.

शत्रूला या यशाचा सुगावा लागू नये म्हणून अपघाताची बातमी दाबून ठेवण्यात आली. इतक्या मोठ्या संशोधकाच्या निधनानंतर वर्तमानपत्रांत रीतसर मृत्युलेखही आले नाहीत. हाती उरलेल्या मंडळींनी, त्यात पुढे रेडिओ खगोलशास्त्रात नाव मिळवलेले बर्नार्ड लव्हेल होते, काम पुढे रेटले. १९४३ च्या जानेवारीअखेर ते रडार प्रत्यक्ष मोहिमेवर गेले.

स्टिरिओ तबकड्या दुकानांत आल्या १९५८ मध्ये. त्यांची खाच नेमकी ४५ अंशांच्या दोन भिंतींची होती. तोवर ब्लुमलाइन यांच्या पेटंटची मुदत संपलेली होती आणि त्यांना जाऊन सोळा वर्षे झाली होती.

आपल्या दिवाणखान्यात

महागडे स्पीकर घेताना लोक लाकूड, धातू, तारा यांची बारकाईने चौकशी करतात आणि शेवटी एक स्पीकर कपाटाच्या कोपऱ्यात, दुसरा खिडकीपाशी ठेवतात. ब्लुमलाइन यांचे गणित असे ठेवल्यावर चालत नाही. ते दोन्ही स्पीकर ऐकणाऱ्यापासून सारख्या अंतरावर आहेत हे गृहीत धरते. दोन स्पीकर आणि आपली खुर्ची यांचा समभुज त्रिकोण व्हावा, म्हणजे स्पीकरमध्ये अडीच मीटर असतील तर आपणही प्रत्येकापासून अडीच मीटरवर. उंच स्वरांचा छोटा स्पीकर कानाच्या उंचीला यावा. एक स्पीकर केवळ ३० सेंटीमीटर जवळ असला, तरी त्याचा आवाज जवळजवळ एक मिलिसेकंद आधी पोहोचतो. आधी आलेल्या आवाजावर विश्वास ठेवण्याची मेंदूची सवय असल्याने मधोमध उभी असलेली गायिका सरळ त्या स्पीकरमध्ये जाऊन बसते. हा दोष स्पीकर बदलून जात नाही, मोजपट्टीने जातो.

दुसरा भाग खोलीचा. उघड्या भिंती, काच आणि गुळगुळीत फरशी यांवरून परावर्तित झालेला आवाज मूळ आवाजात मिसळतो आणि जागांची रेखीवता पुसट करतो. जाड पडदे, गालिचा, पुस्तकांनी भरलेली मांडणी यांचा येथे खरा उपयोग होतो. खर्जाचे गणित निराळे. चार मीटर लांबीच्या खोलीत सुमारे ४३ हर्ट्झचा स्वर भिंतींमध्ये घुमतो आणि त्याच्या पटीतलेही स्वर घुमतात. स्पीकर भिंतीला किंवा कोपऱ्याला चिकटवला तर हा घुमार वाढतो. म्हणून मोठा स्पीकर लहान खोलीत आणण्याआधी विचार करावा आणि शक्य तर खरेदीपूर्वी तो आपल्याच खोलीत, ओळखीच्या गाण्यांवर, ऐकून पाहावा.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा भाग आपल्या कानांचा. वयानुसार वरच्या स्वरांची श्रवणशक्ती कमी होत जाते आणि मोठ्या आवाजाने ती लवकर कमी होते. आतल्या कानातल्या केसांसारख्या नाजूक पेशी एकदा नष्ट झाल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपेक्षा जास्त ऐकू नये. दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. ९० डेसिबलला आठवड्याचे जेमतेम चार तास उरतात. चांगल्या स्पीकरवर आवाज फाटत नाही, त्यामुळे तो किती वाढवला आहे हे लक्षात येत नाही, हा त्यातला छुपा धोका. ऐकून उठल्यावर कानात शीळ वाजत असेल, तर आवाज जास्त होता हे नक्की.

गाणे अचानक एका बाजूला सरकल्यासारखे वाटू लागले, तर आधी तारा तपासाव्यात, डावी-उजवी अदलाबदल करून पाहावी. तरीही ते त्याच बाजूला राहिले, तर खुर्ची उलट दिशेला फिरवून पाठमोरे बसून ऐकावे. तेव्हाही त्याच कानाला कमी वाटत असेल, तर दोष यंत्रात नाही. एका कानाचे ऐकणे एकाएकी कमी होणे ही तातडीची बाब असते आणि पहिल्या काही दिवसांत उपचार झाले तर गेलेले ऐकणे परत येण्याची शक्यता अधिक असते. मळ साचला असेल म्हणून वाट पाहत न बसता कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे त्याच दिवशी जावे.

ब्लुमलाइन यांची दखल सावकाश घेतली गेली. लंडनमधल्या त्यांच्या ईलिंगच्या घरावर १९७७ मध्ये निळी स्मृतिफलिका लागली, अ‍ॅबे रोड स्टुडिओत २०१५ मध्ये, आणि २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर तांत्रिक ग्रॅमी पुरस्कार मिळाला. तो त्यांचा मुलगा सायमन याने स्वीकारला. वडील गेले तेव्हा तो लहान होता.